बेगमपुऱ्यातली बेचाळीस यंत्रं

बेगमपुरा, औरंगाबाद
३ जून १९९६

श्री. रामकिसनराव मोकासे यांस,

नमस्कार. आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, मग कागद बदलला.

तुमचं रजिस्टर शनिवारी मिळालं. पोस्टमन नवा आहे. त्यानं पाकिटावरचं नाव वाचून विचारलं, हे मोकासे तुमचे कोण? म्हणलं, नवरा. तर म्हणतो कसा, मग बाई पत्र कशाला लिहितात ते, घरीच सांगायचं की. मी सही केली आणि दार लावलं. नऊ वर्षांत तुमचं एक दिवाळीचं कार्ड, तेही छापील, खाली इंग्रजीत सही. आणि आता एकदम चार पानं.

चारातली तीन पानं माझ्या तब्येतीवर. डोळ्यांना त्रास होतो का, चष्मा लागला का, हाताला मुंग्या येतात का. मला वाटलं, माणूस पन्नाशीकडं चाललं की होतं असं, आठवण आली असंल. मग चौथं पान उलटलं आणि डोळ्यांची चौकशी कशासाठी ते कळलं.

मला समजलं ते असं. तुम्ही तिथं बंगळुरूला मोठे साहेब. सरकारनं तुम्हाला काम दिलं की ते तुमचं तिळाएवढं यंत्र, रक्ताचा दाब मोजायचं, नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या शिरेत जाईल असं, ते दोनशे नग करा, दवाखान्यांना द्यायचेत. तुम्ही परदेशातून मशीन आणलं. मशीन सोन्याची तार दाबून बसवतं आणि चकतीच्या मधला पापुद्रा तडकतो. दोनशेतला एक धड निघंना. आता तुमच्याच हाताखालची पोरं विचारायला लागली, साहेबांनी प्रबंधात बेचाळीस केले, त्यातले एकोणचाळीस चालले म्हणून लिहिलंय, ते कसे? केले तरी होते का? आणि तुमच्यावर चौकशी बसली.

बरोबर ना? दहावी पास आहे मी, चुकलं असंल तर सांभाळून घ्या.

त्या चौकशीपुढं ठेवायला तुम्हाला सहा नग पाहिजेत. गुपचूप. सहा चकत्या, तारेचं रीळ, चांदीची पेस्ट, सगळं कापसात गुंडाळून पाठवलंय. मी इथं बसून करायचे आणि तुम्ही तिथं मशीनचे म्हणून दाखवायचे. 'हे फक्त आपल्या दोघांत राहू दे' असं लिहिलंय. रामकिसनराव, आपल्या दोघांत दुसरं आहेच काय?

डबी उघडून बघितली. चकत्या आधीपेक्षा चांगल्या आहेत, कडा साफ आहेत. तारही बारीक आहे. म्हणजे तुमची प्रगती झाली म्हणायची.

करीन की नाही ते आज सांगत नाही. तुम्ही रोज टपालाची वाट बघा. मला ती सवय आहे, तुम्हाला लागायला थोडे दिवस जातील.

सरू


बेगमपुरा, औरंगाबाद
२४ जून १९९६

श्री. रामकिसनराव यांस,

काल तुमचे काकासाहेब येऊन गेले. हातात साडीचा खोका. चहा घेतला, पंख्याला नावं ठेवली, मग म्हणाले की पोरी, झालं गेलं विसर, रामकिसन तुला बंगळुरूला न्यायला तयार आहे, क्वार्टर लई मोठं आहे, मागं बाग आहे. मी विचारलं, नऊ वर्षं क्वार्टर लहान होतं का? ते साडीचा खोका पुढं सरकवत बसले. म्हातारं माणूस, त्यांना कशाला बोलायचं. साडी परत दिली. त्यांच्या सुनेला होईल.

त्यांना काहीच मालूम नाही बरं का. त्यांना वाटतं तुम्हाला बायकोची माया आली. मी पण काही बोलले नाही. एखादं माणूस तरी तुमच्याबद्दल चांगलं बोलणारं शिल्लक राहू द्या.

तुम्ही आता लिहिता की पूर्वीसारखं कर, जसं आठवंल तसं कर. मला सगळं आठवतं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. माझ्या माहेरी, पिशोरला, चुलत बहिणीच्या लग्नाचं वळवट करायला आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो. कणकेचे बारीक बारीक गव्हले, मालत्या, नखुल्या, सगळं बोटांनी वळायचं. तुम्ही माझ्या मागं येऊन उभे राहिलात. बाकीच्या बायका हसायला लागल्या, की नवरदेवाला करमंना. मी लाजले. तुम्ही माझ्या ताटातले चिमूटभर गव्हले कागदात बांधून खिशात घातले. मला वाटलं, माझ्या हातचं म्हणून घेतले. वर्षभर मी तेच समजून होते. तुम्ही ते डिपार्टमेंटात नेऊन मोजले होते. साठ गव्हल्यांत किती फरक, ते वहीत लिहून ठेवलं होतं.

मग तुम्ही मायक्रोस्कोप घरी आणला आणि मला शिकवलं. शिकवलं म्हणते, पण तुम्हाला कुठं येत होतं? तुमच्या चिमट्यानं तार वाकडी व्हायची. माझ्या भुवईचा केस बोरूच्या काडीला चिकटवून त्यानं तार उचलायची, ही माझी युक्ती. तार सरळ ताणायची नाही, तिला मालतीसारखा थोडा बाक द्यायचा, म्हणजे पापुद्र्यावर ओढ पडत नाही, ही पण माझी. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी जी थोडी जागा असती, तेवढ्यात टेकवायची. पेस्ट वाळवायला तुमच्याकडं भट्टी नव्हती. तव्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ टाकायचं, ते बदामी झालं की चकती ठेवून वरून ताट झाकायचं. तुमच्या प्रबंधात त्याचं 'दीडशे अंशाची नियंत्रित भट्टी' झालं.

व्हय, वाचलाय मी तुमचा प्रबंध. तुमच्या डिपार्टमेंटातल्या कडूबा शिपायानं रिटायर होताना एक जुनी प्रत रद्दीतून काढून दिली. डिक्शनरी घेऊन आठ दिवस बसले. आभाराच्या पानावर तुमचे गाईड व्यंकटराव सर आहेत, कडूबा आहे, लायब्रेरियन आहे. मग 'प्रपंचाच्या काळजीतून मोकळं ठेवणारे कुटुंबीय'. आणि तार कशी बसवली त्या पानावर लिहिलंय, मशीननं.

व्यंकटराव सर एकदा घरी आले होते, आठवतं का? मायक्रोस्कोप टेबलावर उघडा. त्यांनी विचारलं, हा इथं काय करतो? मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तुम्ही म्हणालात, मीच जरा घरी काम करतो सर, हिला यातलं काही कळत नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, बिस्किट उचललं. चांगला माणूस होता, गेल्या वर्षी गेला. तुमचा साक्षीदार होऊ शकला असता, पण तुम्हीच त्याला काही बघू दिलं नाही.

असो. तुम्ही वाट बघताय म्हणून सांगते. परवा सहातली एक चकती घेतली. दुकानातून लवकर आले होते. (मी गुलमंडीवर नानासाहेबांच्या घड्याळाच्या दुकानात आतल्या बाकावर बसते, बायकांची बारीक घड्याळं माझ्याकडं असतात. नानासाहेब गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, हे बाईनं केलंय. सुरुवातीला मला लई कसंतरी व्हायचं.) दुकानातला छोटा मायक्रोस्कोप त्यांनी घरी न्यायला दिला. चारही तारा बसल्या. एकदाही परत करावं लागलं नाही. तुमच्या डोळ्यांच्या चौकशीचं उत्तर आलं ना आता?

मग ती चकती चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीवर धरली. सोनं एवढं बारीक असलं की वितळायला वेळ लागत नाही.

पाच राहिल्या आहेत.

सरू


बेगमपुरा, औरंगाबाद
११ जुलै १९९६

श्री. रामकिसनराव यांस,

तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिता, माझ्यावरचा राग लहान लेकरांवर काढू नकोस. आणि पुढं लिहिता, तुला बंगळुरूला नेलं नाही एवढ्याच गोष्टीचा तू किती मोठा डोंगर केलास.

म्हणजे तुम्हाला अजून वाटतं की मी क्वार्टरसाठी रुसून बसले आहे. मग एकदाचं सांगून टाकते.

मार्च शहाऐंशी. बेचाळीसातले तेहतीस झाले होते, नऊ राहिले होते. गुरुवारी दिल्लीचे साहेब बघायला येणार होते. सोमवारी मी एक केला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते वेगळेच. रोज आल्या आल्या विचारायचात, किती झाले? त्या दिवशी चप्पल काढून आधी माझ्याजवळ बसलात. म्हणालात, दमलीस का? स्वतः पिठलं टाकलं. ते करपलं होतं, तरी मी दोनदा घेतलं. मंगळवारी तुम्ही डिपार्टमेंटला गेलाच नाहीत, दिवसभर माझ्या शेजारी दिवा धरून बसलात. मान अवघडली की चोळून द्यायचात. शेजारची बाई काही सांगायला आली तर तुम्ही दारातूनच तिला परत लावलं. मी चार केले. बुधवारी दुपारपर्यंत उरलेले चार.

ते दोन दिवस माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. मी देवाला म्हणाले होते, हे काम संपूच नये.

शेवटचा नग डबीत ठेवला, तुम्ही डबीचं झाकण लावलं, पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं. मग म्हणालात, "सरू, पिशोरचा निरोप आलाय. तुझे दादा गेले."

मी विचारलं, कधी? तुम्ही म्हणालात, आत्ताच कळलं.

एसटीनं कन्नड, तिथून जीपनं पिशोर. मी पोचले तर दादांची राख सुद्धा सावडून झाली होती. माझे दादा, पुंजाराम डहाके, ज्यांनी मुलगी असून दहावीपर्यंत शाळेत पाठवली, त्यांना मी शेवटचं बघितलं पण नाही. भाऊ म्हणाला, सोमवारी सांजच्यापर्यंत प्रेत ठेवलं होतं, लेकीसाठी. लोक म्हणायला लागले आता किती ठेवता. सकाळीच टेलिग्राम केला होता, शहरात राहून तुला बापासाठी वेळ झाला नाय. मी म्हणाले, टेलिग्राम आलाच नाही. भाऊ म्हणाला, "खोटं नको बोलू या ओट्यावर बसून." तेव्हापासून माझं माहेर बंद. त्याच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं.

दोन वर्षं मी पोस्टाला शिव्या दिल्या. मग अठ्ठ्याऐंशीत शहागंजात भाजी घेताना कडूबा भेटला. दादांचा विषय निघाला. तो बिचारा सहज म्हणाला, "बाई, टेलिग्राम तर म्या सोमवारी दुपारीच सायबांच्या हातात दिला व्हता. त्यांनी वाचून खिशात घातला."

सोमवारी दुपारी. म्हणजे तुम्ही पिठलं करत होता तेव्हा तो खिशात होता. माझी मान चोळत होता तेव्हा पण खिशात होता. त्याच सांजेला पिशोरला माणसं माझ्यासाठी रस्त्याकडं बघत बसली होती.

तेव्हापासून मी बंगळुरूचं नाव काढलं नाही. तुम्हाला वाटलं रुसली. तुम्हाला बरंच पडलं.

आता लेकरांचं म्हणाल तर मला लेकरं नाहीत, पण म्हणून मी आंधळी नाही. ते यंत्र कशासाठी आहे ते मला कळतं. म्हणून शर्त घालते. गुपचूप काही करणार नाही. तुम्ही चौकशीला स्वतःच्या सहीनं लिहून द्या की बेचाळीसच्या बेचाळीस नग माझ्या बायकोनं, सरूबाईनं, हातानं जोडले, मशीन नव्हतं, प्रबंधात मी खोटं लिहिलं. त्याची नक्कल मला पाठवा. मग त्यांना इथं येऊ द्या, मायक्रोस्कोप मांडू द्या. त्यांच्या डोळ्यांदेखत करीन.

तुमच्यापाशी दुसरा रस्ता आहे का ते बघा. मला वाटतं नाही.

सरू


बेगमपुरा, औरंगाबाद
५ ऑगस्ट १९९६

श्री. रामकिसनराव यांस,

नक्कल मिळाली.

तीन आठवडे लावलेत. त्या तीन आठवड्यांत तुम्ही काय काय करून बघितलं ते मला कळतं. पोरांकडून हातानं करवून बघितलं असंल, कारागीर शोधले असतील. कोणाला जमलं नाही म्हणून माझं नाव लिहिलंत. पण लिहिलंत.

टाईप केलेलं माझं नाव मी याआधी फक्त रेशनकार्डावर आणि दहावीच्या सर्टिफिकिटावर बघितलं होतं. 'श्रीमती सरूबाई रामकिसन मोकासे यांनी एकटीने केले.' एवढी ओळ चारदा वाचली. नानासाहेबांना दाखवली. ते चष्मा पुसून म्हणाले, बाई, फ्रेम करून दुकानात लावू. मी नको म्हणलं. रात्री घरी आल्यावर वाटलं, लावायला काय हरकत होती.

सोबत तुमची चिठ्ठी. त्यात दादांच्या टेलिग्रामबद्दल दोन ओळी. 'मी काय करणार होतो? तुझा हात हलला असता, सरू. गेलेलं माणूस दोन दिवसांनी सांगितलं काय आणि आधी काय, परत येणार थोडंच होतं.'

मी वाट बघत होते की पुढं आणखी काहीतरी असंल. कागद उलटून पण बघितला. मागं कोरा होता.

चौकशीच्या लोकांना या म्हणावं. पाचही चकत्या जपून ठेवल्या आहेत. तुम्हीही या, तुमच्याशिवाय कसं चालंल.

सरू


बेगमपुरा, औरंगाबाद
२९ ऑगस्ट १९९६

श्री. रामकिसनराव यांस,

मंगळवारी तुम्ही माझ्याशी एक शब्द न बोलता रिक्षात बसून गेलात. म्हणून लिहिते. तुम्हाला नीट कळलं नाही तर सगळं वाया जाईल.

आधी हे सांगते की मी ठरवून आले नव्हते. तुम्हाला तसं वाटत असंल तर ते खोटं आहे. अकरा जुलैला शर्त घातली तेव्हा मनात काय होतं ते माझं मला सांगता येत नाही. पण मंगळवारी सकाळी मी डोकं धुतलं, भुवईचा ताजा केस काडीला लावला, आणि घरातून तुमच्या जुन्या डिपार्टमेंटला निघताना माझ्या मनात एवढंच होतं की काम नीट व्हावं.

त्यात त्या कालिंदीबाई भेटल्या. चौकशीतल्या त्या एकट्याच मराठी, मूळच्या नांदेडच्या. बाकीच्या दोघा साहेबांशी तुम्ही बोलत होता तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ताई, हे तुम्ही करून दाखवलंत तर तुमच्या नवऱ्याची नोकरी वाचेल न वाचेल, खोटं लिहिल्याची शिक्षा त्यांना होईलच थोडीफार. पण काम पुढं जाईल. तुमच्या हाताखाली दहा मुली देऊ, तुम्ही त्यांना शिकवा, जे छापून येईल त्यावर तुमचं नाव पहिलं असेल. दवाखान्यातली लेकरं थांबलीत हो, असं म्हणाल्या. बाई खरी होती. माझा हात धरून बोलत होत्या. दहा मुलींना कुठं बसवायचं, उजेड कोणत्या बाजूनं घ्यायचा, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

मी स्टुलावर बसले. मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावलेला. चकती ठेवली, पेस्टचा ठिपका ठेवला. काडी उचलली. तुम्ही माझ्या मागं उभे. तुम्ही खुश होता, आवाजावरून कळत होतं. तुमचं निम्मं संकट टळलं होतं. तुम्ही त्या दोघा साहेबांना हिंदीत, हसत सांगितलं, "बघा, हात किती शांत आहे. काम चालू असलं की मी हिला कधी कसला ताण येऊ दिला नाही."

तुम्हाला आठवत पण नसंल. सहज बोललात. आणि खोटं बोलत नव्हता, हेच तर आहे. तुम्हाला मनापासून तसंच वाटतं. दादांचा टेलिग्राम दोन दिवस खिशात ठेवला ही तुमच्या हिशेबी तुम्ही माझी घेतलेली काळजी आहे. तुम्ही उद्या मरताना पण हेच म्हणाल.

मी पहिली तार ठेवली. तिचा पहिला पाय चिकटला, बाक दिला, आणि ती तुटली. कालिंदीबाई म्हणाल्या, घाबरू नका, सावकाश. कॅमेऱ्यानं फोटो घेतला. दुसरी चकती. तुटली. फोटो. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त त्या आणि मी. पाणी दिलं. म्हणाल्या, ताई, कसलं दडपण आहे का? कोणी धमकावलंय का तुम्हाला? तिसरी पण तुटली.

मग सगळ्यांना आत बोलावून त्यांनी विचारलं, ही यंत्रं तुम्ही केली होती का? मी पदर नीट केला आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, मॅडम. घरच्यांनी सांगितलं तसं बोलले."

तुमचा चेहरा मी बघितला. त्यासाठीच मान वळवली होती.

तुम्ही ओरडलात, ही मुद्दाम करतेय, हिचं ऐकू नका, हिला येतं. त्या म्हाताऱ्या साहेबांनी तुमच्याकडं असं बघितलं की मलाच शरम वाटली. आधी मशीनचं खोटं, मग अडाणी बायकोला पुढं करून तिच्या तोंडी खोटं. कालिंदीबाईंनी मला रिक्षापर्यंत सोडलं. म्हणाल्या, तुमचा काही दोष नाही, ताई, असल्या माणसांना मी ओळखते. मला वाटलं त्यांना तिथंच सगळं सांगून टाकावं. मी रिक्षात बसले. त्यांच्या दहा मुली मी घालवल्या. त्या लेकरांचंही माझ्या डोक्यावर आलं, ते मी नाकारत नाही. कोणीतरी दुसरा रस्ता काढील, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. तोवर जे होईल त्यात माझा वाटा आहे.

आणि माझं नाव. एक महिना ते सरकारी कागदावर होतं. आता त्याच्यापुढं लिहितील की हिला जमलं नाही. बेचाळीस यंत्रं कोणीच केली नाहीत असं ठरंल. तुम्ही तर गेलातच, तुमच्यासोबत मी पण गेले. हे मला तिथं स्टुलावर बसल्या बसल्या दिसत होतं. तरी केलं.

रेल्वेत बसल्यावर तुमच्या मनात आलं असंल, की खरंच हिचा हात गेला असंल का? दहा वर्षं झाली, वय झालं, साहेबांपुढं घाबरली असंल. तुम्हाला तसं वाटलं तर तुम्हाला रात्री झोप लागंल, आणि ते मला नको आहे.

रिपोर्टासोबत तीन फोटो येतील. भिंग घेऊन बघा. तिन्ही तारा पहिल्या पायापासून एका केसाच्या अंतरावर तुटल्यात. तिन्ही बरोबर त्याच जागी, तिन्हींचं टोक डावीकडं वळलेलं. घाबरलेल्या हातानं तार तुटती ती कुठंही तुटती. अशी तोडायला आधी पेस्ट किती ओली ठेवायची ते माहीत लागतं, श्वास धरावा लागतो. तुमच्या बंगळुरूच्या सगळ्या इमारतीत हे फोटो वाचता येणारे तुम्ही एकटेच आहात.

कोणाला दाखवायचे असतील तर दाखवा.

सरूबाई पुंजाराम डहाके